लोकसंख्येतील बदल, सामाजिक धोरण आणि गरिबी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देशाच्या लोकसंख्येचा विषय निघाला की 'माणसे फार झाली' या एकाच वाक्याशी चर्चा बहुधा थांबते. प्रत्यक्षात भारतात, आणि महाराष्ट्रात तर अधिकच वेगाने, जन्मांचे प्रमाण उतरले आहे, वृद्धांचे वाढत आहे आणि माणसे एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात सरकत आहेत. सामाजिक योजना मात्र अजूनही जुन्या लोकसंख्येच्या मापाने शिवलेल्या आहेत, आणि त्याची किंमत गरिबांना मोजावी लागते. पुढील प्रश्नोत्तरे याच मुद्द्याभोवती आहेत. उदाहरणे शक्य तेथे महाराष्ट्रातील घेतली आहेत.

लोकसंख्या वाढली की गरिबी वाढतेच का?

आपल्या देशाचा अनुभव तसे सांगत नाही. खर्चावरून दारिद्र्यरेषा ठरवणाऱ्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीने मोजल्यास १९९३-९४ मध्ये देशातील ४५.३ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते आणि त्यांची संख्या ४० कोटींहून थोडी अधिक होती. २०११-१२ मध्ये हे प्रमाण २१.९ टक्क्यांवर आले आणि गरिबांची प्रत्यक्ष संख्याही सुमारे २७ कोटींपर्यंत उतरली. त्याच काळात देशाची एकूण लोकसंख्या तीस कोटींहून अधिक वाढली होती. पुढे नीती आयोगाने आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान या तिन्ही अंगांनी गरिबी मोजली, तेव्हा २०१५-१६ ते २०१९-२१ या अवधीत महाराष्ट्रातील बहुआयामी गरिबांचे प्रमाण १४.८० टक्क्यांवरून ७.८१ टक्क्यांवर आल्याचे दिसले.

तरीही लोकसंख्येचा गरिबीशी काहीच संबंध नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. हा संबंध जमिनीच्या वाटण्यांत अगदी स्वच्छ दिसतो. महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टर भरली. एका सातबाऱ्यावर चार भावांची आणि त्यांच्या मुलांची नावे चढतात, बांधावरून तंटे होतात, विहीर सामाईक राहते आणि कोणाच्याच वाट्याला पोट भरेल एवढे शेत येत नाही. त्या चार भावांपैकी दोघांना शेतीबाहेर बऱ्यापैकी काम मिळाले असते, तर हीच वाटणी एवढी जाचली नसती. म्हणून माणसे किती वाढली, याच्या जोडीला त्यांच्यासाठी शेतीबाहेर किती काम उभे राहिले, हा प्रश्न विचारावाच लागतो.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा भरही ग्रामीण गरिबांना सार्वजनिक कामांतून रोजगार देण्यावर होता. लगेच पुढच्या वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला आणि वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली.

गरीब कुटुंबांत मुले जास्त असतात, म्हणून ती गरीब राहतात का?

कारण आणि परिणाम यांची येथे अनेकदा उलटापालट होते. ज्या घरात मूल जगेल याची खात्री नसते, म्हातारपणी आधार देणारी कोणतीही व्यवस्था नसते आणि मुलीचे लग्न लवकर होते, त्या घरात अपत्ये अधिक असणे स्वाभाविक असते. या तीन गोष्टी बदलल्या की जननदर (एका स्त्रीला आयुष्यात होणारी सरासरी अपत्ये) स्वतःहून उतरतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात शाळेचे तोंडही न पाहिलेल्या स्त्रियांमागे सरासरी २.८ अपत्ये होती, तर बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या स्त्रियांमागे १.८. महाराष्ट्राचा एकूण जननदर त्याच सर्वेक्षणात १.७ होता आणि राज्याचा अर्भकमृत्युदर (वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांचे प्रमाण) २०२० मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे १६ पर्यंत खाली आलेला होता.

अपत्ये कमी झाली की घराला थोडी उसंत मिळते, हेही खरे आहे. दोन मुलांचे दप्तर, दूध आणि दवाखाना एका मजुरीत बसवणे चार मुलांपेक्षा सोपे जाते. परंतु आईचे शिक्षण आणि मुलाची जगण्याची खात्री यांशिवाय केवळ संख्या कमी करण्याच्या मागे लागलेले धोरण फसते. आणीबाणीच्या काळात आपण ते पाहिले आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते, मात्र त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. त्या जबरदस्तीचा धसका लोकांनी एवढा घेतला की कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम पुढे कित्येक वर्षे मागे पडला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, तेव्हा त्यांचा भर स्त्रीच्या आरोग्यावर आणि तिच्या निर्णयावर होता. तो विचार सरकारी लक्ष्यांच्या मागे हरवला, याची खंत वाटते.

जननदर दोनच्या खाली गेला, तरी लोकसंख्या वाढतच कशी राहते?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जन्मलेल्या मोठ्या पिढ्या आज आईबाप होण्याच्या वयात आहेत. प्रत्येक जोडप्याला दोनच मुले झाली, तरी जोडप्यांची संख्याच मोठी असल्याने जन्म मृत्यूंपेक्षा अधिक राहतात. केंद्र सरकारच्या तज्ज्ञगटाच्या अंदाजानुसार भारताची लोकसंख्या २०३६ मध्ये १५२ कोटींच्या आसपास असेल. ही वाढ आधीच घडून गेलेल्या जन्मांचा परिणाम आहे. आजच्या कोणत्याही कायद्याने ती थांबवता येणार नाही.

'लोकसंख्येचा लाभांश' म्हणजे काय, आणि तो आपोआप मिळतो का?

जन्म कमी होऊ लागले की काही दशके लहान मुलांचे प्रमाण घटलेले असते आणि वृद्धांचे अजून फारसे वाढलेले नसते. या काळात कमावत्या वयाच्या माणसांमागे खाणारी तोंडे कमी असतात, त्यामुळे बचतीला, शिक्षणाला आणि गुंतवणुकीला वाव मिळतो. तज्ज्ञगटाच्या अंदाजानुसार भारतीयांचे मध्यम वय (ज्याच्या खाली निम्मे आणि वर निम्मे लोक असतात ते वय) २०११ मध्ये २४.९ वर्षे होते आणि २०३६ मध्ये ते ३४.५ वर्षे होईल. म्हणजे या संधीचा बराचसा काळ उलटून गेला आहे.

हा लाभांश आपोआप मिळत नाही. 'कमावत्या वयाचा' माणूस आणि 'कमावता' माणूस यांत अंतर आहे, आणि आपल्याकडे ते अंतर सर्वात ठळकपणे स्त्रियांच्या बाबतीत दिसते. श्रमबल सर्वेक्षणानुसार पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा कामातील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता आणि २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के झाला. वाढ दिलासादायक असली, तरी तिचा मोठा भाग घरच्या शेतीत किंवा घरच्या धंद्यात केलेल्या कामाचा आहे, ज्याचा मोबदला बाईच्या हातात पडत नाही. तालुक्याच्या गावी पदवी घेतलेली मुलगी लग्न होईपर्यंत घरात बसते आणि पदवी घेतलेला मुलगा पोलीस भरतीच्या नाही तर तलाठी भरतीच्या जाहिरातीची वाट पाहत तिशी गाठतो. अशी वर्षे हातून गेली की लाभांश म्हणून ज्याची गणना होते, तो कुटुंबावरचा भार होतो. तो मुलगा आज बेकार आहे, आणि तीस वर्षांनी तो निवृत्तिवेतनाविना म्हातारा झालेला असेल.

जनगणना लांबली, तर गरिबांचे काय बिघडते?

फार बिघडते, आणि त्याची चर्चा फार कमी होते. २०११ नंतर २०२१ मध्ये होणारी जनगणना कोविडच्या साथीमुळे पुढे गेली आणि त्यानंतरही वर्षानुवर्षे रखडली. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला स्वस्त धान्याचा हक्क आहे. परंतु 'लोकसंख्या' म्हणजे शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेतील लोकसंख्या. त्यामुळे देशातील लाभार्थींचा आकडा सुमारे ८१ कोटींवर आणि महाराष्ट्राचा सुमारे ७ कोटींवर गोठलेला राहिला.

याचा अर्थ रेशन दुकानात गेल्यावर कळतो. नव्या सुनेचे किंवा नव्याने जन्मलेल्या मुलाचे नाव शिधापत्रिकेत चढते. पण धान्य सुरू होत नाही, कारण तालुक्याचा इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेली लाभार्थींची संख्या, भरलेला असतो. 'इष्टांक शिल्लक नाही' हे उत्तर पुरवठा शाखेच्या खिडकीवर रोज ऐकू येते. कोणाचे नाव मृत्यूमुळे किंवा अपात्र ठरल्यामुळे कमी झाले, तरच दुसऱ्याला जागा मिळते. त्यातच स्वस्त धान्यास पात्र ठरणाऱ्या 'प्राधान्य कुटुंबा'ची वार्षिक उत्पन्नमर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरी भागात ५९ हजार रुपये आहे. आजच्या मजुरीच्या दराने दोन माणसे राबणारे घर ही मर्यादा सहज ओलांडते, आणि तरीही ते घर गरीबच असते.

एक साधा हिशेब करून पाहावा. २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती, म्हणजे ७ कोटींचा इष्टांक सुमारे ६२ टक्के लोकांना पुरत होता. तज्ज्ञगटाच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये राज्यात १२.४४ कोटी लोक होते. तेच ६२ टक्क्यांचे प्रमाण ठेवायचे, तर इष्टांक सुमारे ७५ लाखांनी वाढायला हवा होता. दरम्यान काही कुटुंबे सुस्थितीत आली, हे मान्य. परंतु कोण सुस्थितीत आले आणि कोण राहून गेले, हे ठरवायला मोजणीच हाताशी नव्हती. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी २०२० मध्येच दाखवून दिले होते की, जुन्या जनगणनेमुळे देशभरात दहा कोटींहून अधिक लोक रेशनच्या बाहेर राहत आहेत.

स्थलांतरामुळे योजनांचा हिशेब कसा चुकतो?

२००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या ४.८ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची २.२ टक्क्यांनी घटली, तर तत्कालीन ठाणे जिल्ह्याची ३६ टक्क्यांनी वाढून एक कोटी दहा लाखांच्या वर गेली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, कारण कर्ते पुरुष मुंबई-ठाण्याकडे गेलेले. कोकणातल्या गावात मागे राहतात त्या म्हाताऱ्या, आणि ठाण्याच्या चाळींत-झोपडपट्ट्यांत राहतात ती तरुण कुटुंबे. एका जागी मुले नसलेल्या शाळा आणि डॉक्टर नसलेले म्हातारे, तर दुसऱ्या जागी एका वर्गात सत्तर मुले आणि नळाला पाणी नाही. दोन्हीकडे सामाजिक धोरणाची गरज आहे, पण ती वेगवेगळ्या वस्तूंची आहे.

हंगामी स्थलांतराचा प्रश्न याहून अवघड आहे. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून लाखो माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो; एकट्या बाईला किंवा एकट्या पुरुषाला तो भाव मिळत नाही. अशा व्यवस्थेत मुलीचे लग्न लवकर लावणे हा आईबापांना व्यवहार वाटतो, कारण लग्न झाले की नवा कोयता तयार होतो आणि मुलीला गावात एकटी ठेवण्याची धास्तीही मिटते. कमी वयातील लग्न, लवकर बाळंतपण, उसाच्या फडावरच राहिलेले मूल आणि त्याची सुटलेली शाळा ही साखळी येथे डोळ्यांसमोर दिसते. हंगामी वसतिगृहे वेळेवर सुरू झाली, तर मुले आजी-आजोबांपाशी गावात राहून शिकू शकतात. ती उशिरा सुरू झाली, की तोवर मुले ट्रॅक्टरमध्ये बसून गेलेली असतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आपली जनगणना फेब्रुवारीत होते आणि गळीत हंगाम त्या वेळी ऐन भरात असतो. गणनेच्या काळात माणूस जेथे राहत असेल, तेथे तो मोजला जातो. त्यामुळे वर्षातील सहा-सात महिने बीडच्या गावात राहणारी माणसे पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील फडावर मोजली जातात, किंवा कोपीत, म्हणजे फडावरच्या तात्पुरत्या झोपडीत, राहणाऱ्यांची नोंद घ्यायची राहूनच जाते.

मुले कमी झाली, तर शाळांवरचा खर्च वाचवावा का?

राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांची संख्या पंधरा हजारांच्या घरात गेल्याचे शिक्षण विभागाच्या माहितीवरून पुढे आले आणि त्या एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार सुरू झाला. हिशेबाच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे: एका मोठ्या शाळेत विषयवार शिक्षक, प्रयोगशाळा आणि मैदान देता येते, आणि चार इयत्ता एकत्र बसवून एकाच गुरुजींनी शिकवण्यापेक्षा ते मुलांच्या हिताचे असू शकते.

परंतु शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनुसार प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असली पाहिजे. धनगरवाडा, आदिवासी पाडा किंवा डोंगरातील वाडी येथील शाळा बंद झाली आणि वाहनाची सोय कागदावरच राहिली, तर सर्वात आधी शाळा सुटते ती मुलीची. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जेथे २०१५-१६ मध्ये निम्म्याहून अधिक लोक बहुआयामी दारिद्र्यात होते, तेथील पटसंख्येचा आणि सह्याद्रीच्या सधन खोऱ्यातील पटसंख्येचा अर्थ एकच लावता येणार नाही. माझे मत स्पष्ट आहे: मुले कमी झाल्यामुळे वाचणारा पैसा शिक्षणातच राहिला पाहिजे आणि उरलेल्या प्रत्येक मुलावर अधिक खर्च झाला पाहिजे. पुढे याच थोड्या मुलांना अधिक वृद्धांचा भार पेलायचा आहे.

वृद्धांचे प्रमाण वाढल्याने गरिबी वाढेल का?

धोरण आहे तसेच राहिले, तर वाढेल. २०११ मध्ये देशातील ८.६ टक्के लोक साठीच्या पुढे होते, महाराष्ट्रात ९.९ टक्के आणि केरळमध्ये १२.६ टक्के. २०३६ पर्यंत देशाचे प्रमाण सुमारे १५ टक्के होईल. श्रीमंत देशांत लोकसंख्या म्हातारी होण्याआधी निवृत्तिवेतनाची व्यवस्था उभी राहिली होती. आपल्याकडे बहुसंख्य कामगार असंघटित क्षेत्रात आहेत. बांधकामावरचा मजूर, घरकाम करणारी बाई, रिक्षाचालक आणि अल्पभूधारक शेतकरी यांना हातपाय चालेनासे झाले की उत्पन्न शून्यावर येते.

इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाच्या व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये आहे. ही रक्कम २००६ पासून बदललेली नाही. मधल्या काळात महागाई किती झाली हे सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्राने श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार या योजनांची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १५०० रुपये केली, हे योग्य पाऊल होते. मात्र या योजनांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. महिन्याला हे १७५० रुपये झाले. एवढ्या उत्पन्नावर कोणतेही कुटुंब जगत नाही, हे दाखला देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि मागणाऱ्यालाही. अशा अटीमुळे प्रामाणिक माणूस बाहेर राहतो, आणि ज्याच्या ओळखी आहेत त्याचे काम होते.

अर्ज करताना काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. वयाचा पुरावा हवा असतो. त्या पिढीतील अनेकांची जन्मतारीख शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेली असते. शाळाच न पाहिलेल्या बाईच्या आधार कार्डावर १ जानेवारी असते, आणि वर्ष अंदाजाने टाकलेले. ते वर्ष चार-पाच वर्षांनी चुकले, तर पंचाहत्तरीला टेकलेली बाई कागदावर सत्तरीचीही नसते. पुढे खात्याला आधार जोडणे, दरवर्षी हयातीचा दाखला देणे आणि यंत्रावर अंगठा उमटवणे आलेच. आयुष्यभर माती आणि चुलीत घासलेल्या बोटांवरच्या रेषा यंत्राला सापडत नाहीत.

आरोग्याच्या खर्चाबाबत केंद्राने ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेतून पाच लाखांपर्यंतचे संरक्षण दिले. ते रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. रक्तदाब, मधुमेह, गुडघे आणि मोतीबिंदूनंतरचे थेंब यांवरील दरमहाचा खर्च मात्र खिशातूनच करावा लागतो, आणि गरीब घरात औषधे पहिल्यांदा बंद होतात ती म्हाताऱ्या माणसांची. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही औषधे बाराही महिने मिळणे हा वृद्धांच्या गरिबीवरील सर्वात स्वस्त उपाय आहे. केरळने २००८ मध्ये घरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करण्याचे धोरण स्वीकारले आणि ते काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवले. कोकणातील ग्रामपंचायतींनी त्याचा अभ्यास करावा, असे मनापासून वाटते.

म्हातारपणची गरिबी स्त्रियांच्या वाट्याला अधिक का येते?

स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक जगतात, त्यांचे नवरे वयाने मोठे असतात, आणि जमीन किंवा घर बहुधा त्यांच्या नावावर नसते. त्यामुळे आयुष्याची शेवटची दहा-पंधरा वर्षे अनेकींना विधवा म्हणून आणि मुलांच्या मर्जीवर काढावी लागतात. येथे महाराष्ट्रातील दोन योजनांच्या सांध्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेत २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांना दरमहा १५०० रुपये मिळतात. पासष्टी ओलांडली की ती रक्कम बंद होते. तेथून पुढे आधार श्रावणबाळ योजनेचा, पण तिची मर्यादा वर्षाला २१ हजारांची. म्हणजे चौसष्टाव्या वर्षी जी बाई मदतीला पात्र होती, ती सहासष्टाव्या वर्षी, गरज वाढलेली असताना, अपात्र ठरू शकते. दोन्ही मर्यादा एका पातळीवर आणणे हे प्रशासनाला अशक्य नाही.

दोन अपत्यांची अट गरिबी कमी करते का?

महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्या व्यक्तीला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, आणि २००५ पासून सरकारी नोकरीसाठीही लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हरियाणातील अशाच तरतुदीला वैध ठरवले. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला असेल. धोरणाच्या दृष्टीने मिटलेला नाही.

अशी अट नसलेल्या राज्यांतही जननदर उतरला आहे, त्यामुळे उताराचे श्रेय तिला देता येत नाही. दुसरीकडे, इतर राज्यांत झालेल्या अभ्यासांत पद वाचवण्यासाठी बायको सोडणे, मूल दत्तक दिल्याचे दाखवणे आणि मुलगा होईपर्यंत गर्भलिंग तपासणे असे प्रकार नोंदले गेले. २०११ मध्ये बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. 'दोनच, पण त्यांत एक मुलगा हवाच' अशा मानसिकतेवर संख्येची सक्ती लादली की ती मुलींच्या जिवावर उठते. आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठीची ही अट काढून टाकली. १.७ जननदर असलेल्या महाराष्ट्राने ती का चालू ठेवावी, याचे पटणारे कारण मला दिसत नाही.

लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचा तोटा होतो का?

लोकसभेच्या जागांचे राज्यवार वाटप १९७६ मध्ये १९७१ च्या जनगणनेवर गोठवण्यात आले आणि २००१ च्या घटनादुरुस्तीने ते २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवले. त्यामुळे येत्या जनगणनेनंतर हा प्रश्न ऐरणीवर येणार आहे. पैशांच्या बाबतीत, केंद्राच्या करांतील राज्यांचा वाटा सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने २०११ च्या लोकसंख्येला १५ टक्के भार दिला आणि जननदर कमी करणाऱ्या राज्यांसाठी १२.५ टक्क्यांचा वेगळा निकष ठेवला. सर्वाधिक ४५ टक्के भार राज्याचे दरडोई उत्पन्न श्रीमंत राज्यांपेक्षा किती कमी आहे, या अंतराला होता.

बिहारमधील मुलाच्या वाट्याला कमी पैसा येणे हे न्याय्य नाही, कारण तो कोठे जन्मला यात त्याचा दोष नाही. त्याच वेळी केरळ, तमिळनाडू आणि महाराष्ट्र यांच्यावर वृद्धांचा खर्च आधी येणार आहे, आणि सध्याच्या सूत्रांत त्याला स्वतंत्र स्थान नाही. तरुण राज्यांना शाळांसाठी आणि वयस्क राज्यांना वृद्धसेवेसाठी, असा वयानुसार गरजेचा निकष असावा, असे मला वाटते. शिवाय बिहार-उत्तर प्रदेशातील तरुण हात पुण्या-मुंबईचे बांधकाम आणि कारखाने चालवतात, म्हणून त्यांच्या शिक्षणात महाराष्ट्राचेही हित गुंतलेले आहे.

इतर देशांनी काय केले?

जपानमध्ये पासष्टीवरील लोकांचे प्रमाण सुमारे २९ टक्के आहे. तेथे २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू झाला. चाळिशीपासून प्रत्येकजण हप्ता भरतो आणि गरज पडल्यावर घरी मदतनीस मिळतो. दक्षिण कोरिया झपाट्याने श्रीमंत झाला, पण निवृत्तिवेतनाची व्यवस्था उशिरा उभी राहिल्याने तेथील वृद्धांमधील गरिबी विकसित देशांत सर्वाधिक गणली जाते, आणि २०२३ मध्ये तेथील जननदर ०.७२ होता. चीनने २०२५ पासून निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने वाढवायला घेतले आहे. आपल्यासाठी यांतील सर्वात उपयुक्त उदाहरण कोरियाचे वाटते, कारण कुटुंबच म्हाताऱ्यांना सांभाळेल हे गृहीतक तेथेही होते.

येत्या जनगणनेत कुटुंबांनी आणि गावांनी काय पाहावे?

नव्या जनगणनेची संदर्भ तिथी १ मार्च २०२७ आहे आणि माणसांची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. तीत जातीचीही नोंद होणार आहे. बाहेरगावी कामाला गेलेली माणसे गावात मोजली जाणार नाहीत, म्हणून ती जेथे असतील तेथे त्यांची नोंद झाली की नाही, याची चौकशी घरच्यांनी फोनवर करावी. साखर कारखाने आणि मुकादम यांनी फडावरील कोपींची यादी प्रगणकांना द्यावी, यासाठी जिल्हा प्रशासनाने आधीच बैठका घ्याव्यात. वीटभट्ट्या, बांधकामाच्या जागा आणि पुलाखालील वस्त्या यांनाही हेच लागू आहे. घरातील वृद्धांचे वय अंदाजाने सांगू नये. दुष्काळाचे साल, लग्नाचे साल किंवा थोरल्या मुलाचे वय यांवरून ते काढून ठेवावे. आणि घरातील बाई शेतात, गोठ्यात किंवा दुकानात राबत असेल, तर प्रगणकाने विचारल्यावर 'ती घरीच असते' असे न सांगता तिचे काम काम म्हणून नोंदवावे.